सातवी बाटली

"हे बघा," साहेब म्हणाले आणि त्यांनी मनगट धरून माझा हात टेबलावर ठेवला. फार्महाऊसच्या मालकासमोर, चहाच्या कपांच्या मध्ये. माझ्या नखांत लावणीचा चिखल होता. "ह्या हातांनी भरलेल्या बाटलीत गू निघणार नाही तर काय अत्तर निघणार?"

सगळे हसले. मीही हसले. त्याची लाज अजून वाटते.

मी तिथल्याच आदिवासी वाडीतली. कर्जतला बी.एस्सी. केलं, तरी साहेबांच्या पाणी तपासून अहवाल देणाऱ्या कंपनीत माझं काम नमुन्याच्या बाटल्या भरण्याचं. मालकाला आणखी बंगले बांधायचे होते. त्यासाठी ओढ्याचं पाणी चांगलं आहे असा अहवाल हवा होता. फार्महाऊसपासून खाली वाडीपर्यंत सहा ठिकाणं. सहाही बाटल्यांत संडासाची घाण निघाली. तेच पाणी आम्ही पितो. त्या आठवड्यात माझ्या भावाची तीन वर्षांची पोर कशेळ्याच्या दवाखान्यात सलाईनवर होती.

माझी आई त्याच फार्महाऊसवर भाकऱ्या थापायची. हाताला चव आहे म्हणून पाहुणे वाखाणायचे. तिचे हात त्यांना चालत होते. माझे नाही.

तेव्हा मी मोबाईलवर एक छोटा कोर्स करत होते. पर्यावरणाची आकडेवारी, सहा आठवडे, सगळं इंग्रजीत. रेंज फक्त टेकाडावर. अर्ध्या वेगानं लावायचं, एकेक वाक्य तीनदा ऐकायचं. साहेब म्हणायचे, "काय गं, मोबाईलवर शास्त्रज्ञ होणार का तू?"

त्यात एक धडा कोऱ्या नमुन्याचा होता. लॅबचं निर्जंतुक पाणी सोबत न्यायचं. ओढ्यावरच, त्याच हातांनी, ते दुसऱ्या बाटलीत भरायचं. इतर बाटल्यांबरोबर तपासायला द्यायचं. हात घाण असतील तर त्यातही घाण निघेल. मी टेकाडावर बसून रडले. रागानं. हातांचा निवाडा करायची रीत कुणीतरी कधीचीच लिहून ठेवली होती. साहेबांना ती ठाऊक असणार. मला नव्हती.

पुढच्या फेरीला मी सातवी बाटली नेली. चिठ्ठीवर नुसतं 'ठिकाण सात'. एकदा स्वच्छ आली तर योगायोग म्हणतील. म्हणून चार फेऱ्या तेच केलं. चारही वेळा सातवी स्वच्छ आली. बाकीच्या सहा, चारही वेळा, घाण.

मग साहेबांनी बोलावलं. कागद टाइप करून तयार होता. 'माझ्या हाताळणीमुळे नमुने दूषित झाले.'

"सही कर."

मी लॅबचे चारही कागद पुढे ठेवले. "सात नंबर ओढ्याचं पाणी नाही, साहेब. लॅबचं आहे. माझ्याच हातांनी भरलंय."

त्यांनी वाचलं. समजलं त्यांना, शिकलेला माणूस. चष्मा काढून म्हणाले, "तुमच्या लोकांना असलं पाणी पचतं गं. कशाला आईच्या पोटावर पाय देतेस?"

मी पेन उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी आईला फाटकातूनच परत पाठवलं. माझी नोकरीही गेली. आई चुलीपुढे बसून म्हणाली, "सही केली आसती तं काय झिजलं आसतं गं तुजं? आता खायाचं काय?" आई आता मिळेल त्याच्या शेतावर मजुरीला जाते.

मी दर सोमवारी ओढ्यावर जाते. दोन बाटल्या, एक ओढ्याची, एक कोरी. तालुक्याच्या सरकारी प्रयोगशाळेत देते. बंगल्यांच्या परवानगीची सुनावणी लागेल तेव्हा सगळे कागद घेऊन उभी राहणार आहे. मालकासमोर, साहेबांसमोर. हसणार नाही.

फॉर्मवर एक रकाना असतो, नमुना घेणाऱ्याचं नाव. साहेब तिथं 'हेल्पर' लिहायला लावायचे. आता मी माझं पूर्ण नाव लिहिते. आडनाव आणि वाडीसकट.