वीतभर मरळ

दारव्ह्याकडच्या आमच्या गावच्या तलावात मरळ होती, तोवर दादाचा रविवार बरा जायचा. वहिनी गेल्यापासून तो घरात कामापुरतंच बोलायचा. गळ टाकून काठावर बसला की मात्र माणसात यायचा. ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट.

गळाचे शौकीन आम्ही पाच-सहा जण. दादा शाळेत मास्तर, त्यामुळे नियम करायची खोड. वीतभरापेक्षा लहान मरळ परत पाण्यात सोडायची आणि माणशी दोनच न्यायच्या, असं त्यानं ठरवलं. मोजायला काठीवर खूण केली. सगळ्यांनी तो नियम इमानदारीनं पाळला. एवढी इमानदारी मी आमच्या गावात दुसऱ्या कशातच पाहिली नाही.

पावसाळ्यात मरळीची पिल्लं लाल गोळक्यानं पाण्यावर येतात आणि आई-बाप खाली राखणीला असतात. गोळक्याशेजारी गळाला लावलेली बेडकी टाकली की मोठी मरळ चवताळून येते. आम्हाला तीच हवी असायची, कारण खुणेत तीच बसायची. पिल्लांना आम्ही हात लावत नाही, याचा वर तोरा. मागे राहिलेल्या पोरक्या पिल्लांचं काय होतं, ते बघायला कोणी थांबत नव्हतं. काही वर्षांत मरळ दिसेनाशी झाली. कोणी उन्हाळ्याला बोल लावला, कोणी बगळ्यांना.

खरं कारण दादाला आधी कळलं आणि तो खचला. त्या पावसाळ्यात सबंध तलावात एकच गोळका दिसला. यंदा मोठी धरू नका, असं त्यानं घरोघरी जाऊन सांगितलं. तरी रविवारी दवाखान्यातल्या कंपाउंडरनं बेडकी टाकली आणि नर-मादी दोन्ही काढली.

"सोडून द्या त्याईले," दादा म्हणाला. "पाण्यात पिलं हायेत."

कंपाउंडरनं शांतपणे दादाचीच काठी माशांना लावून दाखवली. "मास्तर, नियम तं तुमीच केला. वीतभरावर हायेत, अन् दोनच हायेत."

त्यात खोटं काही नव्हतं. मला त्या माणसाचा राग आला, अजूनही येतो.

कंपाउंडर मासे घेऊन गेला. दादा गोळक्याच्या मागे काठाकाठानं फिरत राहिला. बगळा उतरला की खडा मारून उठवायचा. पण पाण्याखालून दुसरे मासे पिल्लांना ओढत होते, तिथे खड्याचा काय उपयोग? गोळका दर वेळी वर यायचा तो आधीपेक्षा लहान. संध्याकाळी तो वर आलाच नाही. दादा तरी हातात खडे घेऊन उभा होता.