दिवेआगरच्या दत्तूची हजेरी

आगरदांड्याला एस.टी.तून उतरलो तेव्हा खाडीला ओहोटी होती. समोर दिघी दिसत होती, पण तरीवरचा (होडीने खाडी ओलांडायच्या जागेवरचा) नावाडी निवांत विडी ओढत बसला होता. "घाई नको सायब, भरती लागू दे. आता निघालो तं मधीच रुतू." खरे सांगायचे तर पोचायची घाई मलाही नव्हती.

मुंबईच्या आमच्या जुन्या दगडी कॉलेजात माझे आजोबाही शिकले होते. स्वातंत्र्याच्या दिवशी सकाळी त्याच्या मनोऱ्यावर तिरंगा चढला, तेव्हा मी आणि दत्तू गळ्यात गळा घालून रडलो होतो. दत्तू वसतिगृहात माझ्याच खोलीत राहायचा. दिवेआगरच्या वाडीवाल्यांचा (नारळ-सुपारीच्या बागा असणाऱ्यांचा) मुलगा. आमचा करार होता, एक वर्गात नसला की दुसऱ्याने आवाज बदलून त्याची हजेरी द्यायची. काय दिवस होते ते! एका खाटेवर चौघे बसून दत्तूच्या घरची सुपारी चघळायची आणि साऱ्या प्राध्यापकांच्या नकला करायच्या.

त्याच वर्षी दत्तूचे वडील आजारी पडले आणि तो घरी गेला. एके सकाळी त्याचा नंबर पुकारला आणि सरांनी नेमकी मान वर केली. माझी दातखीळ बसली. पुढचा आठवडाभर धीरच झाला नाही. हजेरी कमी भरली, दत्तूची टर्म गेली, त्याला परीक्षेला बसू दिले नाही. तो परत आला नाही आणि मी पंधरा वर्षे त्याला तोंड दाखवले नाही. आता माफी मागायला निघालो होतो.

दिघीला उतरताना चिखलात एक चप्पल गेली. बैलगाडीने दिवेआगर गाठून अनवाणीच दत्तूच्या ओटीवर चढलो. त्याची बायको बाहेर आली. नाव सांगताच म्हणाली, "अगंबाई, यांची हजेरी द्यायचे ते तुम्हीच ना? या, बसा भावोजी."

पुढ्यात गरम घावन (तांदळाच्या पिठाचे पातळ धिरडे) आणि नारळाचा गोड रस आला. दत्तू वाडीतून आला आणि माझ्या शेजारीच बसला. वहिनी आत जाताच मी म्हणालो, "दत्तू, शेवटी मी गप्प बसलो होतो रे."

"ठाऊक आहे. कॉलेजच्या पत्रात गैरहजेरीचे दिवस लिहिले होते."

"मग मी तुझी हजेरी द्यायचो, एवढंच वहिनींना का सांगितलंस?"

त्याने आवाज खाली आणला. "खरं सांगितलं असतं तर तिने तुला ओटीवर चढू दिलं नसतं. आणि तू कधीतरी येणार, याची मला खात्री होती."

परतताना होडीत मला रडू आवरेना. त्या घरात मी नसताना माझी हजेरी दत्तू देत होता. आमचा करार त्याने पंधरा वर्षे एकट्याने पाळला होता.