याचिकेच्या कोपऱ्यावरचं कुंकू

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुनीतीने ऑस्ट्रेलियातल्या केलीव्हिलच्या पोस्टात ११४ डॉलर ६० सेंट भरले आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं. पाकिटात तिच्या धाकट्या भावाची याचिका होती. शैलेंद्र अमेरिकेत एका राज्याच्या तुरुंगात अठरा वर्षांची शिक्षा भोगत होता. अपघातात एक माणूस गेला होता. गाडी मी चालवत नव्हतो, हे शैलेंद्र पहिल्या दिवसापासून सांगत आला. पण ते डोळ्यांनी पाहिलेल्या पेट्रोल पंपावरच्या माणसाला त्याच्या वकिलाने साक्षीला बोलावलंच नाही. राज्यातली सगळी कोर्टं करून झाली. आता केंद्राच्या कोर्टात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैदच बेकायदा आहे असं सांगणारा अर्ज, एवढंच उरलं होतं. मुदत १४ मार्च. ती चुकली की दार कायमचं बंद.

पैसे संपले तसा वकीलही गेला. अर्ज सुनीतीनेच लिहिला. पॅरामॅटाच्या एका सरकारी ऑफिसात ती सव्वीस वर्षं जुन्या फायली सांभाळते. साक्षींच्या चारशे पानांतून ओळी शोधून तिने अकरा पानी मजकूर बांधला. सही मात्र कैद्याचीच लागते, म्हणून पाकीट आधी तुरुंगात पाठवायचं होतं.

ते बंद करण्याआधी तिने पहिल्या पानाच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलं. व्हिसाच्या फॉर्मला, घराच्या करारालाही तिने ते लावलं होतं. "आमचं वॉशिंग मशीनसुद्धा सौभाग्यवती आहे," असं तिचा नवरा हेमचंद्र पाहुण्यांना सांगायचा.

६ मार्चला सकाळी सातला शैलेंद्रचा फोन आला. तो फोन पंधरा मिनिटांनी आपोआप तुटतो.

"ताई, पाकीट परत पाठवलं त्यांनी. पहिल्या पानावर अनोळखी पदार्थ आहे म्हणे. कागदाला नशेचं औषध लावून आत पाठवतात लोक, म्हणून डाग दिसला की घेत नाहीत."

सुनीतीने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं.

"त्यांना नाही कळलं कसला डाग ते. मला कळलं," तो म्हणाला. "नशीब, कुत्रा आणून हुंगवला नाही."

"शैलू, हसू नकोस. तुझ्या तिकडच्या तारखेने नऊ दिवस राहिलेत."

"मग काय करू? इथे रडायलाही रांग लावावी लागते."

दुसरं पाकीट वेळेत पोचलं नसतं. तुरुंगाच्या लायब्ररीत कोरे फॉर्म मिळत होते. तिने फोनवर सांगायचं, त्याने हाताने लिहायचं, असं ठरलं. कैद्याने तुरुंगाच्या टपालात कागद दिला की कोर्ट तीच तारीख धरतं, हा एक नियम तेवढा त्यांच्या बाजूचा होता.

त्यानंतर सुनीती कुठे टेकली नाही. कुकर लावून शिट्ट्या मोजायला विसरायची, बसमध्ये जागा असून उभी राहायची. एका सकाळी फोन बसमध्येच आला. फोन खांद्याशी दाबून, हातात पानं धरून ती उभ्याउभ्याच मोठ्याने इंग्रजीत सांगू लागली, "अर्जदार गाडी चालवत नव्हता. पान दोनशे बारा, ओळ सात." शेजारच्या म्हाताऱ्याने कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि "नो वरीज" म्हणून खिडकीबाहेर पाहू लागला.

११ तारखेला फोनच आला नाही. तुरुंगातली बराक दिवसभर बंद ठेवली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तो सगळा दिवस ती ऑफिसात एकच फाइल कपाटात ठेवत आणि काढत होती.

घरी हेमचंद्र म्हणाला, "सुनीती, जेव तरी."

"माझ्या बोटाने झालंय हे."

"त्याच बोटाने अकरा पानंही टाइप झालीत," तो म्हणाला आणि ताट पुढे सरकवलं.

१५ मार्चला, शनिवारी, ती पहाटेपासून फोन हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारत होती. तिकडे अजून चौदा तारीखच होती. सातला फोन वाजला.

"दिलं, ताई. गार्डने वहीत तारीख घातली. मी वाकून पाहिली, चौदाच आहे."

"सही केलीस?"

"तीन ठिकाणी."

"पानं?"

"एकोणीस. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. फीचा चेक नाही जोडला. या फोनांतच माझ्या खात्यातले पैसे संपले. कोर्ट नंतर मागेल म्हणतात."

तिला आणखी काही विचारायचं होतं, पण पंधरा मिनिटं व्हायच्या आतच फोन तुटला. ती आत आली आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

निकाल अजून लागलेला नाही. कोर्टाची पाच डॉलर फी बाकी आहे.