बावीस रॅम्पचा मिस्त्री

इलाही मिस्त्रीनं बांधलेल्या मोरीत पाणी साचलं असं म्हणणारा माणूस सांगलीत अजून जन्माला यायचाय, असं खुद्द इलाही मिस्त्रीच सांगत सुटायचा. त्यात फारशी अतिशयोक्तीही नव्हती. गच्ची असो की न्हाणीघर, काम वाळलं की तो मधोमध एक तांब्या पाणी ओतायचा आणि कमरेवर हात ठेवून बघत उभा राहायचा. पाणी मुकाट्यानं भोकाकडं निघालं की स्वारी खूश. जमिनीला द्यायच्या या उताराला गवंडी ढाळ म्हणतात आणि ढाळ देण्यात इलाहीचा हात धरणारा कुणी नव्हता. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण बढाई काही कमी झाली नाही.

आता गंमत बघा. हा माणूस ज्या गल्लीत राहायचा, तिथंच दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी तुंबायचं.

गल्ली उताराची. एका कडेनं गटार, ते खाली मोठ्या नाल्याला मिळायचं. गटाराच्या बाजूला बावीस घरं, बावीस घरांत पंचवीस-तीस स्कूटरी. गाडी घरात घ्यायची तर गटारावर रॅम्प हवा, आणि रॅम्प म्हटलं की इलाही. खाली मोठा पाइप घातला तर रॅम्प उंच होतो आणि गाडीचं पोट घासतं, म्हणून त्यानं सगळीकडं चार इंची पाइप टाकून वर घोटून गुळगुळीत सिमेंट केलं होतं. बावीसही रॅम्प त्याच्या हातचे. जाता-येता त्यांच्याकडं बघून त्याला बरं वाटायचं.

गल्लीच्या तळाला बनुबाईचं कांडप. निम्म्या पेठेची वर्षाची चटणी तिथं कुटली जायची. नवरा गेल्यावर बाईनं एकटीनं ते मशिन चालवलं होतं. इलाहीला ती भाऊ म्हणायची आणि भावासारखंच झापायचीही. पण सलग तीन पावसाळे तिच्या दुकानात पाणी शिरलं. गेल्या वर्षी मोटर जळाली, लोकांच्या दोन पोती मिरच्या भिजल्या. बाईनं मनावर घेतलं.

"ह्या श्रावणात जर पानी आत आलं, तर मी चालले वडूजला," तिनं इलाहीला सांगून टाकलं. "भाचा कृष्णात टेम्पो घेऊन येतो म्हनलाय. तिकडं पाऊसच न्हाई, तर पानी शिरतंय कुठनं?"

इलाहीनं पालिकेला, नाल्याला आणि आभाळाला यथेच्छ शिव्या घातल्या. बनुबाई गेली तर आपल्याला करमणार नाही, हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये पालिकेची नवी इंजिनिअर, ऋचा, टोपी घालून गटार मोजायला आली. अर्धी गल्ली वाकून वाकून बघितल्यावर तिनं विचारलं, "हे रॅम्प कुणी बांधले?"

"आमच्या इलाही मिस्त्रीनी!" चार जणांनी अभिमानानं बोट दाखवलं. इलाहीनं मिशीवरनं हात फिरवला. बक्षीसच मिळणार असं त्याला वाटलं असावं.

"काका, काम देखणं आहे," ऋचा म्हणाली. "पण गटार दोन फूट रुंद आहे आणि तुमचा पाइप चार इंची. दुधाची एक पिशवी अडकली की पाणी रस्त्यावर चढतं, ते थेट खालच्या दुकानात. प्रत्येक घराचा ढाळ तुम्ही बरोबर काढलात. गल्लीचा राहिला."

पोरगी हळू बोलली होती, पण इलाहीच्या वर्मी लागलं. त्या दिवशी तो जेवला नाही. बायको जीनत म्हणाली, "आवं, लोकांनीच मागितलं न्हवं? तुमचा काय दोष?"

"लोकांनी रॅम्प मागितला," इलाही म्हणाला. "पानी कुठं जाईल हे बघायचं काम माझं हुतं. बनुच्या दुकानात पानी मी सोडलं, जीनत. दुसऱ्या कुनी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं घण घेतला आणि आधी स्वतःच्या दारातला रॅम्प फोडला. त्या जागी दोन सुट्या फरश्या टाकल्या, उचलायला लोखंडी कड्या लावल्या. दर रविवारी फरशी उचलायची, खालचा गाळ काढायचा, असा बेत. मग तो दारोदार फिरला. लोक हसले, कुरकुरले, पण मिस्त्री स्वतः राबतोय म्हटल्यावर एकेक करून तयार झाले. अडून बसले फक्त विष्णुपंत, बनुबाईच्या शेजारचे निवृत्त हेडक्लार्क.

"सुटी फरशी खडखड वाजते," ते म्हणाले. "माझी दुपारची झोप जाईल. आणि माझा उंबरा उंच आहे. माझ्या घरात पाणी यायचा प्रश्नच येत नाही."

इलाहीनं वाद घातला नाही. रविवारी त्यानं लेव्हल बघायची पाण्याची नळी आणली. या नळीत पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीला उभं राहतं, मग कुणाला आवडो न आवडो. एक टोक विष्णुपंतांच्या हातात देऊन त्यांच्याच उंबऱ्याशी धरायला लावलं, दुसरं स्वतः बनुबाईच्या दाराशी धरलं. अख्खी गल्ली बघायला जमली.

"किती फरक हाय, पंत? तुमीच मोजा."

पंतांनी चष्मा लावून मोजलं. परत मोजलं. "चार बोटं," ते पुटपुटले.

"आन् रस्ता दर खेपेला डांबर पडून दोन बोटं वर येतोय. उंबरा मात्र हाय तिथंच हाय. पुढच्या वर्षी बनुबाई वडूजला आसंल, आन् पानी तुमच्या देवघरात."

विष्णुपंतांचा रॅम्प त्याच दुपारी फुटला. झोपेच्या वेळेतच.

जून-जुलै निभावले. दर रविवारी इलाही काठी घेऊन एकवीस दारं तपासायचा. कुणाची फरशी उचलली, कुणाची नाही, कुणाच्या खाली नारळाची शेंडी निघाली, यावर भाषण द्यायचा. लोक त्याला कमिशनरसाहेब म्हणायला लागले आणि त्याला ते आवडलंही.

श्रावणात मात्र पावसानं तीन दिवस उघडीप दिली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी रस्त्यावर आलं आणि वाहत वाहत बनुबाईच्या पायरीला लागलं. ती दारात पोती रचत होती. इलाही छत्री न घेताच धावत सुटला. खालून वर एकेक फरशी उचलत गेला. पंतांची साफ, पुढची साफ, त्यापुढचीही साफ. पाणी गटारातनं उडी मारून रस्त्यावर येत होतं ते त्याच्या स्वतःच्या दारात.

त्यानं कडी ओढली. फरशी हलेना. वाकून बघितलं तर फटी सिमेंटनं बंद, वरनं घोटून गुळगुळीत. दिवस पहिला, रॅम्प पहिला; काम संपलं तसा चाळीस वर्षांच्या सवयीचा हात आपोआप थापीकडं गेला होता. फट उघडी ठेवून उठणं त्या हाताला ठाऊकच नव्हतं. एकवीस दारं तपासणाऱ्यानं आपलं दार कधी बघितलंच नव्हतं.

"पंत!" इलाही भर पावसात ओरडला. "घण आना! ह्या गाढवाच्या दारातनं तुंबलंय!"

विष्णुपंत एका हातात घण आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन धोतर सावरत आले. सगळी गल्ली खिडक्यांतनं बघत असताना कमिशनरसाहेबांनी आपली सुबक फरशी चार घावांत फोडली. खाली केळीची पानं आणि गाळाचा बोळा अडकला होता. तो निघाला तसं पाणी घळघळत खाली पळालं. लाजेनं इलाहीचे कान तापले होते. पण बनुबाईच्या पायरीवरचं पाणी बोटाबोटानं उतरताना दिसलं, आणि त्याला इतका आनंद झाला की तो चिखलातच बसला.

गल्ली हसत होती, पंतही हसत होते. बनुबाईनं दारातली पोती बाजूला केली, आतली जमीन हातानं चाचपली. कोरडी. मग तिनं कमरेचा फोन काढला. पावसात ऐकू जावं म्हणून ती ओरडूनच बोलायला लागली, त्यामुळं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"कृष्णात, टेम्पो नगं आनू. न्हाई, न्हाई आलं पानी. पाऊस? लय हाय रं, पर गटारातनं चाललाय. आन् ऐक, तिकडं कुनाला चटणी कुटायची आसंल तर मिरच्या घेऊन हिकडंच ये."