ओटीवर बसलेला गंगाराम

मुंबईहून आगबोट सुटली तेव्हा मी डेकवर उभा राहून समुद्राची शोभा पाहणार होतो. पाहिली ती फक्त कठड्याखालची. पोट इतके ढवळले की दाभोळ येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही, आणि पुण्याचा माणूस गप्प बसलेला पाहून सोबतच्या उतारूंना आनंदच झाला असावा. दाभोळला पडाव (उतारूंना बोटीतून किनाऱ्यावर नेणारी मोठी होडी) आला. त्यात एका दर्यावर्दी गृहस्थाने मला दंडाला धरून अक्षरशः टाकले.

तिथून पुढे बैलगाडी आणि कातळ. कातळ म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे माळ. वैशाखात त्यावर पाय ठेववत नाही. तो ओलांडला की एकदम उतार, आणि खाली माडा-पोफळींत लपलेले गाव. माझा मेहुणा तिथे शाळामास्तर होता. गावातल्या नाटकाला प्रॉम्प्टर हवा म्हणून त्याने मला बोलावले होते. पुण्यातल्या हौशी मंडळींना पडद्याआडून वाक्ये पुरवण्यात माझी हयात गेली आहे.

या गावाचा रिवाज असा की देवळापुढच्या नाटकात राजा व्हायचा मान खोतांचा. खोत म्हणजे तात्या, आडव्या हाडाचे, भरघोस मिशांचे, आणि नाटकाचे विलक्षण वेडे. कुळांनी त्यांची शेते कसायची आणि शिवाय वेठ करायची, म्हणजे ते बोलावतील त्या दिवशी त्यांच्या घरचे काम फुकट करायचे. लावणीच्या दिवसांत हे फार जाचत असे. आधी खोतांची शेते लागायची, आणि तोवर कुळाचा तरवा (भाताची रोपे) जून होऊन जायचा. गेल्या वर्षी गंगाराम नावाच्या कुळाच्या शेतात निम्मे भात पोचट निघाले. यंदा लावणीचे पहिले काही दिवस आपले आपल्याला मिळावेत, एवढेच त्याचे मागणे होते. ते तात्यांच्या तोंडावर बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती.

मास्तरने यावर नाटक लिहिले. त्यात गंगाराम व्हायचा खोत आणि तात्या व्हायचे कूळ. कूळ रजा मागते, खोत नाही म्हणतो, कूळ रडते आणि पडदा.

"तात्या कबूल कसे झाले?" मी विचारले.

"त्यांना सांगितलं, राजाला टाळ्या कमी मिळतात. रडणाऱ्याला जास्त."

तालमी तात्यांच्याच खळ्यात (अंगणात) होत. आम्हांला सांदणे मिळत. फणसाच्या रसात तांदळाच्या कण्या घालून वाफवलेला हा प्रकार नारळाच्या दुधाबरोबर खातात, आणि बोटीवर रिकामे झालेले माझे पोट मी त्याने पुरेपूर भरून काढले. तालीम मात्र पहिल्याच प्रवेशाला अडकली. गंगारामने ओटीवरच्या झोपाळ्यावर बसायचे आणि तात्यांनी खालून हात जोडून यायचे. तात्या दिसले की गंगाराम उठून उभा राहायचा. ठरवून नव्हे. त्याचे गुडघेच त्याला विचारत नसत.

"अरे बस ना, मेल्या! तू खोत आहेस!" तात्या ओरडले.

"जी तात्यानू," म्हणत तो बसला.

असा तो रोज खोतांच्या हुकमाने खोत व्हायचा. आम्ही हसत होतो. नंतर मला ते हसू बरे वाटेना. प्रयोगात तात्यांना ओरडता येणार नव्हते. गंगाराम उठला असता तर गाव हसले असते, आणि त्याचे मागणे त्या हसण्यातच जिरून गेले असते.

लांबच्या वाड्यांवरच्या बायकांना यायला सोपे पडावे म्हणून प्रयोग दिवसाच ठेवला होता. देवळापुढचा मांडव भरला. समोर खोतांची ओटी म्हणून झोपाळा टांगला होता, आणि त्याच्यापुढची जागा उन्हात होती. मी पडद्याआड पुस्तक घेऊन बसलो. तात्या फाटकी घोंगडी पांघरून, हातात तरवा म्हणून गवताची जुडी घेऊन उन्हातून आले आणि झोपाळ्यापुढे वाकले. गंगारामने दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली. तो जरासा उचलला गेला, आणि परत बसला. मी श्वास सोडला.

तात्यांनी मागणे मागितले, आणि काय सुरेख मागितले! "रोपं वाळतायत, खोतानू. दोन दिवस माझे मला द्या." आता गंगारामने 'नाही' म्हणायचे होते. तो गप्प. मी हळूच 'नाही' पुरवले. तो गप्पच. मी पुन्हा पुरवले, जरा मोठ्याने.

"जा," गंगाराम म्हणाला. "तुजा शेत लाव जा."

पुस्तकात हे नव्हते. तात्या रडायच्या तयारीने आले होते आणि रडायला कारणच उरले नाही. ते तसेच वाकलेले राहिले. मग मान वर करून त्यांनी विचारले, "खरंच जाऊ?"

"जा."

मास्तरने घाईने पडदा ओढला. टाळ्या पडल्याच नाहीत. बायका पदराने डोळे पुसत उठल्या.

संध्याकाळी पानावर तात्या घुश्शात होते. "माझं सगळं भाषण घालवलंन मेल्याने." मग बराच वेळ भात कालवत राहिले. "पण मास्तर, तो जा म्हणाला ना, तेव्हा एकदम हलकं वाटलं हो मला. जसं काही माझंच शेत वाळत होतं." आणि ताटावरून उठता उठता म्हणाले, "यंदा लावणीला आधी त्यांची शेतं लागू देत. आमची मागाहून बघू."

मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी दाभोळच्या वाटेवर गंगारामला तो बोलून दाखवला. त्याला बंदरावर जायचेच होते. नाटकाने केवढे काम केले, असे मी म्हणालो. तो मान हलवत चालत राहिला.

"पण तू 'नाही' का म्हणाला नाहीस?"

"म्हननारच व्हतू, पावण्यानू. पन तात्या उन्हात हुबे. हात जोडलेले. मना दया आली त्येंची." कातळ तापला होता, आणि तो अनवाणी होता. "मी येकदाच बसलू तितं, तरी मना दया आली. ते तर जलमभर बसलेत. त्येंना कशी न्हाय आली, ह्या मना उमजत न्हाय."

बंदर आले आणि मी पडावात चढलो.

पुण्यात आता लोक कोकणची हकीकत विचारतात. नाटकाचे सांगितले की सगळे तात्यांची वाहवा करतात, एवढा मोठा माणूस कुळापुढे हात जोडून उभा राहिला म्हणून. मीही गंगारामशी बोलेपर्यंत तेच मनात घोळवत होतो. मग मी गंगारामचा प्रश्न सांगतो. बैठकीत लोडांना टेकून आम्ही सगळे बसलेले असतो, आणि चहाचे कप घेऊन आलेला गडी दाराशी उभा असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही.