नौदलाची हरवलेली नळी

ती घटना आठवली की आजही संताप येतो. युद्ध संपून फार काळ झाला नव्हता. मी भिंगारच्या बाजूला फौजदार होतो. नौदलाच्या एका हेलिकॉप्टरवर नवी शस्त्रं, दिशा शोधायची यंत्रं आणि बचावाची साधनं बसवली होती आणि त्यांची चाचणी आमच्याकडच्या लष्करी गोळीबाराच्या मैदानावर ठेवली होती. नगरला समुद्र नाही, पण माळ भरपूर.

चाचणीत वरून टाकलेली हातभर लांबीची एक नळी नंतर सापडेना. नौदलाचे अधिकारी ठाण्यात आले, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ही समुद्रात टाकायची खूण आहे. वारा किती ढकलतोय ते वैमानिकाला तिच्यावरून कळतं. पाणी लागलं की ती पेट घेते. पण हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही." आमच्या वरिष्ठांना हेरगिरीचा वास येत होता. मला येत होता भंगाराचा.

मैदानालगतच्या गावात रीतच होती. गोळीबार संपून धोक्याचं लाल निशाण उतरलं की माणसं पितळ, शिसं वेचायला धावायची. आणलेली वस्तू आधी पाण्यात बुडवून ठेवायची आणि मगच तिला हातोडा लावायचा. याला ते 'थंड करणं' म्हणत. त्या रीतीमुळे कित्येकांचे हातपाय शाबूत राहिले असं गावात सगळेच मानत.

खबऱ्याने सकाळी एकाचं नाव दिलं. त्याला खडी फोडण्याच्या कामावरून उचलून आणला. नळी कुणाला विकली तेवढंच विचारा, असा वरून हुकूम होता. हवालदार तेच तेच विचारत राहिला.

"आमी न्हाई बघितली, साहेब."

घराची झडती घ्यायची म्हणताच मात्र त्याचा चेहरा उतरला. "घरी बाई एकली हाय. तिला ठाण्यात आनू नगा." तेव्हा ओळखलं, हा कुठल्या हेरासाठी नाही, बायकोसाठी गप्प आहे.

मी हुकूम बाजूला ठेवला. "तुझ्या बायकोला कुणी हात लावणार नाही. पण नीट ऐक. ती नळी पाण्याने पेटते."

तो हसलाच. "पान्यानं कुटं काय पेटतं व्हय?" मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याचं हसू मावळलं. "साहेब, तिला सांगून आलोय, दुपारी पिंपात घाल म्हनून."

दुपार तर झालीच होती. जीप काढली. गावात शिरलो तेव्हा त्याच्या अंगणात गर्दी होती आणि पांढरा धूर कोंदला होता. बायांनी तिला घोंगडीत गुंडाळलं होतं. शेजाऱ्यांनी घाबरून त्या नळीवर आणखी पाणीच ओतलं होतं.

सिव्हिल हॉस्पिटलात तिने प्राण सोडला. नवऱ्यावर चोरीचा गुन्हा चालला, त्याला शिक्षा झाली. हेर कुणीच निघाला नाही.

गुपित शत्रूपासून ठेवायचं असतं. ज्यांच्या दारात आपण धोका टाकतो, त्यांच्यापासून ते ठेवणं म्हणजे निव्वळ बेपर्वाई. मला या प्रकरणाने शिकवलं ते एवढंच. पुढे माझी तिथून बदली होईपर्यंत दर चाचणीआधी मी गावात दवंडी द्यायला लावली. वरून खरमरीत विचारणा झाली, तरी थांबवली नाही.

मधल्या काळात शिक्षा भोगून तिचा नवरा सुटून आला. कुणी न सांगता दवंडीवाल्यामागून निघायचा. दवंडीवाला चौकाचौकात थांबायचा, हा दारोदार. घरात गडी असला तरी बाईला बाहेर बोलवायचा आणि तिलाच सांगायचा, "नळी दिसली तर हात लावू नगा, पानीबी घालू नगा. आन् नवऱ्यानं सांगितलं, तर त्याचं ऐकू नगा."