तुसाचा खोकला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आता सांगते आहे म्हणून लगेच मायेनं मान हलवू नका – तसली माया मला खपत नाही.

कबनूरला आमचे यंत्रमाग आहेत, घराला लागूनच. मागावर बिहारचा शंभू होता. बायकोला घेऊन शेडमागच्या खोलीत राहायचा. लॉकडाउन लागलं, माग थांबले, गाड्या बंद. नवरा म्हणाला, "कुठं जातील? ऱ्हाऊ देत." राहू देत – त्याला म्हणायला काय जातंय? आमच्याच पिठाच्या त्यांच्या भाकऱ्या, आमच्याच नळावर त्यांची धुणी. वर शेजारणी मलाच टाळायला लागल्या. दोघांचं तोंड बघितलं तरी माझं डोकं फिरायचं.

शंभू खोकायचा. मागावर कोण खोकत नाही? सुताचं तूस घशात बसतं, माझा नवराही तसाच खोकतो. म्हणून कामाची पाळी सुटली की मागवाल्याला गुळाचा खडा द्यायची आमच्याकडं रीत. शंभूच्या हातावर तो खडा मीच ठेवायची, कित्येक वर्षं. मग मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

तरी नळावर शेजारणीला म्हणाले – "आमचा भय्या खोकतोय बगा. लई खोकतोय." तेवढंच. त्याला कुणीतरी घेऊन जावं, घर मोकळं व्हावं – मला हेच हवं होतं.

संध्याकाळी गल्ली काठ्या घेऊन फाटकाशी आली. नवरा रेशनच्या रांगेत. शंभूनं माझ्याकडं पाहिलं.

"वैनी, तुमीच सांगा की ह्यांना. तुसाचा खोकला हाय ह्यो."

"मला काय म्हाईत?" म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

दोघं बोचकं उचलून चालत निघाले. नवऱ्याला मी सांगितलं, आपणहून गेले.

माग सुरू झाल्यावर शंभू परत आला. आमच्या शेडमध्ये गल्ली त्याला येऊ देईना, आणि कबनूरात दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नाही. रोगवाला – नावच पडलं होतं. माझं एक वाक्य पुरलं असतं. पण मग गल्लीनं मला काय म्हटलं असतं? मी गप्प बसले. मागावरचा माणूस बाजारात हमाली करायला लागला.

तिथंच मध्यंतरी भेटला. पाठीवर कांद्याचं पोतं. मी तोंड फिरवणार, तेवढ्यात त्यानंच हाक मारली.

"वैनी, त्या टायमाला तुमाला काय झालं न्हाई न्हवं? मला वाटायचं, तूसच हाय. पर तुमीच म्हाईत न्हाई म्हणालासा, म्हंजे रोगच असणार. चुकलं माझं."

पोत्याखाली वाकून तो माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"जाऊ दे," मी म्हणाले. मी त्याला माफ केलं.